डबा उघडत राहा!

मृग लागला की घरोघरी बायकांची एकच धांदल उडते. पापड-कुरडयांचे डबे घट्ट लावा, डाळींना एरंडेल चोळा, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधा. पण मैत्रिणींनो, कपाटात सगळ्यांत आत, साड्यांच्या घडीखाली जो डबा असतो, त्याची आठवण किती जणींना होते? लग्नसराई संपली की तो बंद होतो, तो थेट गौरी-गणपतीलाच उघडतो. आणि नेमके मधले महिने असतात ओलीचे!

आमचं राजूर अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं गाव. नगर जिल्हा म्हटला की लोकांना दुष्काळ आठवतो. पण आमच्या या डोंगराळ अंगाला पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस हलत नाही. मिठाला पाणी सुटतं, आगपेटी पेटत नाही. लग्न होऊन मी इथे आले त्या पहिल्याच श्रावणात उन्हाची तिरीप पडलेली पाहून सासूबाईंनी डबा काढला आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, "बघून ठेव गं. विसरलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू सारखीच." तेव्हापासून उघडीप मिळाली की आमच्याकडे डबा निघतोच.

आधी सोनं. ते गंजत नाही, पण मळतं. २२ कॅरटचं सोनं म्हणजे शंभरात सुमारे ९१.६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदीसारखी भर. त्यावर घाम, साबण, पावडर यांचं किटण चढतं. रिठ्याच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, अगदी मऊ ब्रशने हलकेच चोळा, स्वच्छ पाण्यातून काढून सुती कापडावर वाळवा. हे सगळं परातीत करा, मोरीत नको. कुडीची फिरकी गेली की गेली! राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांचा मोह टाळा, त्यांनी चरे पडतात. ब्लीचिंगच्या पाण्यात अंगठीसकट हात घालू नका. तुशी-बोरमाळेचे मणी पुष्कळदा पोकळ असून आत लाख भरलेली असते. गरम पाण्याने लाख मऊ होते, म्हणून असे दागिने नुसते ओलसर फडक्याने पुसावेत.

रोजच्या मंगळसूत्राकडे तर आपलं लक्षच नसतं. पोत दोऱ्यात गाठवलेली असेल, तर अंघोळीनंतर ओला राहून दोरा आतून कुजतो. वाट्यांच्या कड्या एकमेकींवर घासून झिजतात. सहा महिन्यांनी एकदा उजेडात धरून बघा आणि वेळीच पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्या. अजून एक: घरात ताप बघायची पाऱ्याची नळी फुटली, तर पाऱ्याजवळ सोनं नेऊच नका. पारा सोन्यात मुरतो, सोनं पांढरं पडतं, आणि ते घरी घासून निघत नाही.

नथीची तऱ्हा वेगळी. मोती म्हणजे बहुतांशी चुन्याच्याच जातीचा पदार्थ. लिंबू, चिंच, व्हिनेगर त्याला खातात. अत्तर आणि केसांचे फवारे त्याचं पाणी घालवतात. म्हणून नटताना मोती सगळ्यांत शेवटी घालायचे आणि उतरवताना सगळ्यांत आधी काढायचे. मऊ कापडाने पुसून मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. ओल त्याला मदत करते. रबरात आणि लोकरीतही गंधक असतं, म्हणून पैंजणांना रबरबँड लावू नये. जोडवी-पैंजण काळे झाले, तर पातेल्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद पसरा, त्याला टेकतील असे दागिने ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि उकळतं पाणी ओता. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमला धरतं. घासून चांदी थोडी थोडी झिजते, तसं इथे होत नाही. मात्र खडे, मोती, मीनाकाम असलेली वस्तू यात घालायची नाही.

आता घड्याळ. सासऱ्यांचं एचएमटीचं 'जनता' आमच्याकडे अजून चालतं. सरकारने २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं ठरवलं, त्यामुळे अशी घड्याळं आता जपायलाच हवीत. चावी रोज एकाच वेळी, मनगटावरून काढून, कोरड्या हाताने द्यावी. अडली की थांबावं. लाऊडस्पीकर किंवा लोहचुंबक असलेल्या वस्तूंजवळ ठेवू नये. काचेच्या आत धुकं धरलं, तर चुलीपाशी शेकू नका. लगेच घड्याळजीला दाखवा. सेलचं घड्याळ बंद पडलं असेल, तर सेल काढून घ्या, तो पाझरून यंत्र खातो. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी येते, ती घड्याळाच्या डबीत टाका. पण मोत्यांजवळ नको, ते फार कोरडे पडतात.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, "कोण करतंय हे? दारावर येतात की उजळून देणारे!" त्यांना दारातूनच परतवा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात सोनं विरघळतं. बांगडी हातात परत येते ती चकचकीत, पण वजनाने हलकी, आणि आपण मात्र चकाकीवर खूश!

मला खरं सांगायचंय ते पुढेच. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान अचानक गेले. वाटण्यांच्या वेळी डबा दिरांनी उघडला, आणि माहेरचं कुठलं, सासरचं कुठलं, वजन किती, हे त्या बाईंना सांगताच येईना. सगळा जन्म डबा दुसऱ्यांनीच काढला आणि ठेवला होता! कायदा आपल्या बाजूने आहे, बायांनो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिची. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, स्त्रीधन सासरच्यांकडे ठेवायला दिलं, तरी ते तिचंच राहतं. पण कायद्यालाही काय-काय होतं, हे आधी सांगावं लागतं ना?

तेव्हा पुढच्या उघडिपीला डबा काढाल, तेव्हा जवळ एक वहीही घ्या. प्रत्येक दागिन्याचं नाव, वजन, कुणी, कधी दिला, हे लिहा. पावत्या चिकटवा. नव्या हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा बारीक क्रमांक असतो, तो भिंगातून बघून टिपून ठेवा. मोबाईलवर फोटो काढा. लॉकरमध्ये ठेवत असाल, तर वर्षातून दोनदा तरी स्वतः जाऊन बघून या. आणि हे करताना लेकीला, सुनेला समोर बसवा. वही डब्यात मात्र ठेवू नका. डबा गेला, तर तीही जायची!