आवणीच्या दिवसांत प्रोस्टेट

3 जुलै 2024, कामशेत
आवणी सुरू झाली आणि माझी रात्रपाळीही. गारठा पडला की घाई वाढते. मोरीत भिंतीला हात टेकून उभं राहायचं, धार कधी लागते याची वाट बघायची. मग थोडी येते, थांबते, पुन्हा थेंब थेंब. ही झोपेतच म्हणते, "पंखा बंद करा." पंखा लावलाय कुठे!

पुण्याला दाखवायचं ठरलं. लोकलने जायचं नाही, लोकलला संडास नसतो. आधी उलटं लोणावळ्याला जायचं आणि तिथून सकाळची इंद्रायणी एक्स्प्रेस धरायची. उतारवयातलं रेल्वेज्ञान.

8 जुलै
सोनोग्राफीत ग्रंथी 92 ग्रॅम. तरुणपणी ती साधारण 20-25 ग्रॅमची असते. लघवी करून आल्यावरही पिशवीत 180 मिली शिल्लक. मग सात प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. 35 पैकी 24 गुण, म्हणजे नापास. खाली आणखी एक प्रश्न होता: उरलेलं आयुष्य असंच काढायचं झालं तर कसं वाटेल? कंपाउंडरसमोर "वाईट" यावर खूण केली. बायकोसमोर केली नसती.

गोळ्या वर्षभर चालू आहेत. त्यातल्या एकीने उठताना चक्कर येते. दुर्बिणीचं ऑपरेशन हा जुना, खात्रीचा मार्ग. पण हृदयात स्टेंट, म्हणून रक्त पातळ करायची गोळी. ती बंद ठेवायला हृदयवाले राजी नाहीत. तेव्हा युरोलॉजिस्टनेच सुचवलं, ग्रंथीच्या रक्तवाहिन्या बंद करता येतात, एकदा रेडिओलॉजिस्टना भेटा.

13 जुलै
नातवाने मोबाइलवर बरंच काढून दिलं. 2000 साली अमेरिकेत एका रुग्णाचा प्रोस्टेटचा रक्तस्राव थांबवायला वाहिन्या बंद केल्या, तर ग्रंथीच आक्रसली! पुढे 2008 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत डॉ. कार्नेव्हाले यांनी मुद्दाम याच आजारासाठी हे केलं, लिस्बनला डॉ. पिस्को यांनी वाढवलं. 2018 ची स्वित्झर्लंडची तुलना मात्र डोळे उघडणारी. बारा आठवड्यांनी त्रासाचे गुण दोन्हीकडे जवळपास सारखेच उतरले, ऑपरेशनकडे किंचित जास्त. पण धारेचा वेग इथे सेकंदाला सुमारे 5 मिली वाढला, ऑपरेशनने 15. म्हणजे स्वस्थ माणसाने ऑपरेशनच करावं, असं माझं मत. माझ्यासारख्याने हे.

25 जुलै
आज जायचं होतं. रात्रभर कोसळला, पुण्यात घरांत पाणी शिरलं. तारीख पुढे.

30 जुलै, पुणे
भूल फक्त मनगटापुरती. तिथून तारेसारखी नळी थेट ओटीपोटापर्यंत. डाय सोडला की खाली गरम ओघळ जातो. क्षणभर वाटलं, झाली लघवी! पडद्यावर वाहिन्यांचं जाळं दिसत होतं. त्यातली प्रोस्टेटची नेमकी निवडायची, कारण शेजारच्या वाहिन्या मूत्राशयाला आणि गुदाशयालाही जातात. मग मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही लहान गोळे सोडायचे. आधी डावीकडे, मग उजवीकडे. डॉक्टर बोलत होते ते एकमेकांत, हळू आवाजात. मला तेवढंच भीतीचं वाटलं.

2 ऑगस्ट
जळजळ. घाई दुप्पट. थोडं लालसर. सांगितलं होतंच, तरी हिने दोनदा फोन करायला लावला. आराम आठवड्यांनी पडतो, ग्रंथी सावकाश आक्रसते.

14 सप्टेंबर
रात्री एकदाच उठतो. धार जोरकस म्हणता येणार नाही, पण सलग आहे. पुढे काही वर्षांनी पुन्हा काही करावं लागू शकतं, हे मान्य करूनच गेलो होतो.

पारावर तात्याने बाजूला घेतलं. गावात गुडघ्यावर सगळे बोलतात, यावर कोणी नाही. "किती खर्च आला?" मी म्हटलं, खर्च नंतर, आधी पीएसए आणि क्रिएटिनिन करून घे. पहिलीत कॅन्सरची शंका निघाली तर वाटच वेगळी, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर डायचा विचार करावा लागतो.

"पीएसए उपाशीपोटी करायची का?"

"नाही रे. चहा घेऊन जा. पण लगेच जा."