सुई, दोरा आणि नातीची वही

आमच्या तिरोडीत मराठी घरात बोलली जाते आणि हिंदी शाळेत लिहिली जाते. गेल्या पावसाळ्यात आमच्या नातीने हिंदीच्या वहीत लिहिले, 'दादी ने सुई में दोरा ओवा.' गुरुजींनी तांबड्या शाईने 'दोरा'चा 'धागा' आणि 'ओवा'चे 'पिरोया' केले. गुरुजींचे काहीच चुकले नव्हते. हिंदीच्या वहीत हिंदीच हवी. परंतु जिथे 'दोरा ओवला' हे बरोबर ठरावे, अशी वहीच तिच्याजवळ नव्हती. हे शल्य आम्हांस बोचले.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्यापुढे आजीची गोधडी पसरली. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवरून फिरलेला धावदोरा. मग एकेक शब्द निघू लागला. पेळूपासून कातले जाते ते सूत, सुईत ओवला जातो तो दोरा, अंबाडीच्या वाखाची वळतात ती सुतळी, काथ्याचा सुंभ, लुगड्याच्या पदरात चमकते ती जर, अनेक पदर गुंफून होतो तो गोफ. बैलाच्या वेसणीला कासरा, लेकराच्या कमरेला करगोटा. जितके धागे तितकी त्यांची कामे, आणि प्रत्येक कामाला निराळे क्रियापद: कातणे, ओवणे, वळणे, पिळणे, विणणे. हिंदीतही सुतली आहे, डोरा आहे. आमचे भांडण हिंदीशी नाही. आपल्या घरचा शब्द आपल्याच लेकराला परका होऊ नये, एवढेच मागणे.

या मुलखात तर धाग्याची परंपरा थोर. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचा कोसा उकळून, बाया मांडीवर पीळ देत त्याचा तंतू काढीत. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगावचे कोष्टी विणकर त्याच टसरची करवतकाठी साडी विणतात. अंग टसरचे, काठ सुताचे आणि दोहोंच्या सांध्यावर करवतीचे दाते. काठ आणि अंग यांचे धागे एकमेकांत अडकवण्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात. 'कोष्टी' हे नावही कोशाशीच जोडले जाते. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (1905) या विणकरांच्या कोष्टी बोलीची नोंद आहे. इकडे आमच्या बालाघाट जिल्ह्यात वारासिवनीचे हातमागही प्रसिद्ध आहेत.

1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. राज्ये निराळी झाली, परंतु सोयरीक तुटली नाही. बावनथडीच्या अल्याड-पल्याड आजही लेकी दिल्याघेतल्या जातात आणि लेकींबरोबर शब्दही येतात-जातात. मात्र ज्या घरी गोधडी शिवणे थांबले, तेथून 'धावदोरा' हा शब्दही उठून गेला. वस्तू गेली की शब्द जातो. वस्तू असूनही नाव बदलले, तर तो आपल्या हलगर्जीपणामुळे जातो.

म्हणून आम्ही तुमसरहून एक दुरेघी वही आणली. पहिल्या पानावर नातीने स्वतः लिहिले, 'आजीने सुईत दोरा ओवला.' ते वाक्य कोणी खोडले नाही. रोज एक शब्द, असा नेम चालला आहे. मंडळी, आपल्याही घरी एखादी गोधडी घडी करून ठेवलेली असेल. ती उलगडून लेकरांना दाखवा, टाक्याटाक्याचे नाव सांगा. उसवले आहे, पण फाटलेले नाही. वेळीच घातलेला टाका अजून पुरेल.