अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या

२०२५ च्या अशोक विजयादशमीला आम्ही सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. परत निघताना आमचे दादा म्हणाले, "एवढं आलोच आहोत तर अनसिंगला जाऊ. ताईच्या हातची अंबाडी खाऊ आणि मग कल्याण गाठू."

दादांनी अनसिंग सोडलं ते १९७२ च्या दुष्काळात. आम्हा भावंडांचा जन्म कल्याणचा. गाव आम्हाला ठाऊक होतं ते दादांच्या तोंडून, तेही जेवायला बसल्यावर.

भावाच्या गाडीतून समृद्धी महामार्गाने कारंजापर्यंत आलो. तिथून मंगरूळपीर, वाशीम करत पुसदच्या रस्त्याला लागलो. दुतर्फा सोयाबीनची सोंगणी चालली होती. दादा मात्र काचेतून ज्वारी शोधत होते. "या दिवसांत वावरात शिरलेला माणूस दिसायचा नाही, इतकी उंच ज्वारी असायची," ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

बौद्धवाड्यात आत्या दारातच उभी होती. ऐंशी उलटलेली, पण 'जयभीम' खणखणीत. चुलीवर भाजी शिजत होती. अंबाडीचा पाला उकडून त्याचं आंबट पाणी काढायचं, त्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं, हिरव्या मिरचीचा ठेचा लावायचा आणि वरून लसणाची फोडणी. सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा.

"ज्वारी इकत आणली, मा," आत्या म्हणाली. "पयले मजुरीत ज्वारीच भेटे. कण्या भरडल्या, पाणी वाढवलं, का चार माणसाच्या जेवणात आठ जण जेवत."

मग १९७२ ची गोष्ट निघाली. दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकर थापता थापता तुटायची.

तेवढ्यात माझ्या मुलीने विचारलं, "आजी, चान्या म्हणजे काय?" शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक आमच्या घरी आहे. त्यात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची हकीकत आहे. पोरीने ते चाळलं असावं. दादांचा घास हातातच राहिला. "जेवताना हा विषय कशाला?"

"कावून लपवता, भाऊ?" आत्या म्हणाली. "पोरी, मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवत, त्याले चान्या म्हणत. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तवा त्या कामी येत. मेलेलं जनावर ओढाचं काम गावानं आपल्यावर टाकलं होतं. बाबासाहेबाचा शब्द कानी आला आन् आमच्या बापानं ते सोडलं. त्या साली घरात कण्याबी पुरल्या नाईत. पण सोडलं ते सोडलं."

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांची आशा सोडा, असं सांगितलं होतं. ते मी वाचलं होतं, भाषणांत ऐकलं होतं. पण तो शब्द पाळताना एखाद्या घरात चूल कशी थंड राहिली असेल, हे मला त्या दिवशी कळलं. खाल्लं ते भुकेपायी आणि सोडलं ते स्वाभिमानापायी. मग लाज कोणाला वाटायची? आपल्याला, की ज्यांनी ती पाळी आणली त्यांना?

निघताना आत्याने किलोभर कण्या आणि चिंधीत बांधलेलं अंबाडीचं बी दिलं. मुलीने भाजीची कृती वहीत लिहून घेतली. खाली आजोबांच्या वडिलांची हकीकतही लिहिली.

गाडी सुरू झाली. बराच वेळ दादा गप्प होते. मग स्वतःहून नातीला म्हणाले, "चान्या भाजताना कसा वास सुटायचा, सांगू?" आणि कारंजा येईपर्यंत ते बोलत राहिले. इतक्या वर्षांत आम्हा भावंडांना त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात असं एखादं म्हातारं माणूस असेल. त्याच्या पंगतीला लेकरांना बसवा आणि विचारा, तुम्ही काय खात होता? आणि काय सोडलंत?

अंबाडीचं बी आम्ही गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात पेरलं आहे. दादा रोज सकाळी त्याला पाणी घालतात.