तीन ऋतूंचा तंबू

“किती ताटांचा कार्यक्रम आहे, मॅडम?”

परभणीत ‘टेंट पाहिजे’ म्हटलं की समोरचा हेच विचारणार, हे मला घरातून निघतानाच सुचायला हवं होतं. मी मोंढ्याजवळच्या मंडपवाल्याच्या दुकानात उभी होते. समोर कनातींचे गठ्ठे, रंगवलेले डांब, आणि कोपऱ्यात लोखंडी मेखांचा ढीग. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे खुर्ची पुसून मिळाली.

“एकाच ताटाचा,” मी म्हटलं. “पाठीवर घेऊन डोंगर चढायचाय.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग उठून त्यांनी एक मेख माझ्या हातात दिली. किलोभर तरी असेल. “अशा वीस लागतात एका लहान मंडपाला. तुम्ही चढणार?”

मी शाळेत भूगोल शिकवते. वय सत्तेचाळीस. सह्याद्री मी पंचवीस वर्षं फळ्यावर काढत आले आहे, पण रात्र त्यात एकही काढलेली नाही. पुण्याच्या भाच्याने फोनवर सहज म्हटलं, “मावशी, जानेवारीत हरिश्चंद्रगड करायचा का? खिरेश्वरकडून टोलार खिंडीने चढू, दोन रात्री वर राहू, पाचनईला उतरू.” मी हो म्हटलं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “तंबू तेवढा तू बघ. हलका घे.”

या ‘हलका घे’ने माझे तीन महिने खाल्ले.

आधी हिशेब. माझं वजन अठ्ठावन्न किलो. पाठीवर त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको, असं भाच्याचं म्हणणं. म्हणजे साडेअकरा किलो. त्यातलं तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो गेलेच. पांघरूण, स्वेटर, शिधा, भांडं, विजेरी, औषधं. उरतात दोन-अडीच किलो, आणि त्यात घर बसवायचं. मिस्टरांनी ताबडतोब उपाय काढला: “ताडपत्री घे. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच आहेत.” बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गंगाखेड, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणारी माणसं सहा-सहा महिने कोपीत काढतात, आणि डोक्यावर प्लास्टिकच असतं. भाच्यानेही नंतर त्याला दुजोराच दिला. अमेरिकेत 1955 साली एमा गेटवुड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या, अकरा मुलांच्या आईने अॅपलाचियन ट्रेलची तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकटीने चालून संपवली. तिच्याकडे तंबू नव्हताच. पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा होता.

म्हणून मी कृषी सेवा केंद्रात गेले. तिथे ताडपत्री जीएसएमवर मिळते, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, यावर. अडीचशे जीएसएमची, आठ बाय दहा फुटांची ताडपत्री म्हणजे साडेसात चौरस मीटरला थोडी कमी. गुणाकार केला तर एक किलो आठशेच्या वर. नुसतं छप्पर! खाली काही नाही, डास अडवणारं काही नाही, उभं करायला बांबू नाही. तंबूचं चांगलं नायलॉन चौरस मीटरला चाळीस-पन्नास ग्रॅमच्या घरात असतं, हे मला तोवर कळलेलं होतं. मी ताडपत्री न घेता परतले. येताना दोन किलो शेंगदाणे तेवढे घेतले.

खरा गोंधळ पुढे, मोबाइलवर तंबू बघताना. प्रत्येक तंबूखाली आकडे, आणि प्रत्येक आकडा ओळखीचा वाटून फसवणारा.

‘थ्री सीझन’ असं लिहिलेलं दिसलं. वा, तीन ऋतू! उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, वर्ष संपलं. चौथा ऋतू कुठून आणायचा म्हणून ‘फोर सीझन’वाले महाग तंबू मी सोडून दिले. निष्कर्ष बरोबर निघाला, कारण साफ चुकीचं. ज्यांनी हे शब्द केले त्यांचे तीन ऋतू म्हणजे वसंत, उन्हाळा आणि पानगळ. त्यांचा हिवाळा, म्हणजे बर्फाचा, तो चौथा. आपला पावसाळा त्यांच्या यादीतच नाही. भूगोलाच्या बाईंना हे आपल्या भाच्याकडून कळावं!

त्याहून मोठी फजिती ‘वॉटर कॉलम 2000 मिमी’ची. मिलिमीटर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पर्जन्यमापक येतं. परभणीला वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हा तंबू दोन पावसाळे आरामात झेलेल आणि वर थोडा शिल्लक राहील, असा मी चक्क भागाकार केला. प्रत्यक्षात तो आकडा पावसाचा नाहीच, दाबाचा आहे. कापड ताणून धरतात, त्यावर पाण्याचा स्तंभ उभा करतात आणि थेंब पाझरायला लागेपर्यंत त्याची उंची वाढवत नेतात. 2000 म्हणजे दोन मीटर उंच पाणी पेललं. छपराला एवढं पुष्कळ. तळाला जास्त हवं, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकला की त्या रुपयाएवढ्या जागेवर सगळा भार येतो.

डेनिअर मात्र मला आवडला. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. वीस डेनिअरचा धागा परभणी स्टेशनापासून पिंगळीच्या दिशेने नऊ किलोमीटर सोडत गेलं तरी एकूण वजन वीस ग्रॅम. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “मग तो बाभळीत अडकला तर?” प्रश्न चांगला होता. मी लक्ष दिलं नाही.

आणि ‘दोन माणसांचा’. या शब्दावर कोणीच विश्वास ठेवू नये. रुंदी एकशे तीस सेंटिमीटर, म्हणजे दोन अरुंद चटया एकमेकींना चिकटून. बॅगा कुठे, कूस कशी बदलायची, हे ज्याचं त्याने बघायचं.

शेवटी मी वजनालाच भुलले. एक किलो चाळीस ग्रॅम! साडेआठ हजार रुपये. एकाच पदराचं कापड, आणि काठ्या नाहीतच. चालताना हातात ज्या ट्रेकिंगच्या काठ्या असतात त्याच उभ्या करायच्या आणि चारी बाजूंनी तणावे ओढायचे. ही कल्पना मला फार हुशारीची वाटली. खोकं आलं त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेले आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की सिमेंटच्या गच्चीत मेख ठोकता येत नाही. चार पाण्याच्या बादल्यांना चार दोऱ्या बांधल्या. तंबू उभा राहिला, पण फणा काढलेल्या नागासारखा, एका बाजूला झुकून. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काय वाळत घातलं?”

दिवाळीच्या सुट्टीत जिंतूरकडे आमच्या वावरात तो नेला. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता, आणि दोन दिवसांपूर्वी अवकाळी येऊन गेला होता. काळी जमीन नुसती लोणी. वीतभर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या मेखा बोटाने दाबल्या तरी आत जात होत्या, आणि तणावा ओढला की तितक्याच सहज बाहेर येत होत्या. सहा मेखा, आणि उभं राहण्याचं सगळं काम त्यांच्याच जिवावर. सालगडी बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. त्याने बाभळीची हातभर काटकी तोडली, मध्यावर तणावा बांधला, हात-दीड हात खड्डा करून ती आडवी पुरली आणि वर पायाने माती दाबली. “आता ओढा,” म्हणाला. मी दोन्ही हातांनी ओढलं, हललं नाही. मेख उभी ठोकली की मातीतून सरळ निसटते, आडव्या काटकीला वर यायचं तर अंगावरची सगळी माती उचलावी लागते. त्याने सहाही ठिकाणी तसं केलं आणि जाताना म्हणाला, “एवढं महागाचं पाल घ्यायलात, बाई, अन् खुटे असे काडेपेटीतले?”

रात्री तीनला नाकावर थेंब पडला. मग कपाळावर. ‘गळतंय!’ म्हणून मी उठून बसले तर डोकं छताला लागलं आणि मानेवरून गार पाण्याचा ओघळ गेला. बाहेर डोकं काढलं. आकाशात ढगाचा तुकडा नाही, मृग नक्षत्र लखलखीत. वरून दव, खाली ओली जमीन, आणि आत मी. माझाच श्वास रात्रभर त्या गार कापडावर जमून, थेंब होऊन, माझ्यावरच पडत होता. तंबू गळत नव्हता. पाण्याचा स्तंभ अडवणारं कापड आतली वाफही तेवढीच अडवून बसलं होतं. दोन पदरी तंबूत आतला पदर जाळीचा असतो, वाफ त्यातून बाहेर पडते, बाहेरच्या पदरावर थेंब धरतात आणि ओघळून जमिनीत जातात. तो एक पदर काढला की तंबू हलका होतो आणि पाणी टिपायचं काम आपल्याकडे येतं. काठ्या काढल्या की जमिनीवर विसंबावं लागतं. मी विकत घेतलेला हलकेपणा म्हणजे अशी कामांची यादी होती. ती रात्री तीनला, ओल्या रजईत, मला एकदम वाचता आली.

मंडपवाले काय म्हणाले होते, तेही तेव्हा आठवलं. दुकानातून निघताना ते म्हणाले होते, “कपडा कोणता का असंना मॅडम, तणावा कशाला बांधणार ते आधी बघा.” मी हसून ‘हो हो’ म्हटलं होतं.

चिखल लागलेला तंबू परत कोण घेणार? भाच्याच्या एका मित्राला तो निम्म्या किमतीत गेला. त्याला तो आवडला, म्हणे. तो एकटा फिरतो, आणि सवयीचा आहे.

दुसरा घेताना मी वाण्याच्या काट्यावर विसंबले. अॅल्युमिनियमच्या स्वतःच्या काठ्या, आत जाळी, बाहेर वेगळं आवरण, आणि मेखांशिवायही आपल्या पायावर उभा राहणारा. लिहिलेलं वजन एक किलो आठशे पन्नास. वाण्याच्या काट्यावर दोन किलो एकशे नव्वद. वाणी म्हणाला, “माझा काटा खरा आहे.” खराच होता. लिहिलेलं ते किमान वजन: काठ्या आणि दोन पदर, बस्स. मेखा, दोऱ्या, पिशव्या त्यात धरलेल्या नसतात. पण मग मी भागाकार केला, या वेळी बरोबर. बाहेरचं आवरण आणि काठ्या भाच्याच्या पाठीवर, आतला भाग आणि मेखा माझ्या. वाट्याला एक किलो आणि शंभरेक ग्रॅम. पहिल्या तंबूने एकटीच्या पाठीवर जेवढं दिलं असतं, जवळपास तेवढंच. सोबत कोण येणार हे कुठल्याच आकड्यांत लिहिलेलं नसतं, आणि मीही ते धरलं नव्हतं.

जानेवारीत गडावर पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. 1,424 मीटर उंचीचा हा डोंगर मी मुलांना नकाशावर दाखवते, आणि नववीच्या वर्गात दरवर्षी सांगते की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट झिजून झिजून आपल्याकडची काळी कापसाची माती झाली. सांगते, आणि परीक्षेत विचारतेही. पण तंबू पसरून पहिली मेख दगडाने ठोकली आणि ती कोपरासारखी वाकली, तेव्हा कुठे मला त्या वाक्याचा अर्थ लागला. जिंतूरच्या वावरात जिने मेख धरली नाही ती माती, आणि इथे जो मेख आत घेत नाही तो कातळ, एकच.

काठ्यांवर तंबू उभा तर राहिला, पण दरीकडून वारा सुटला आणि तो रिकाम्या पिशवीसारखा उचलायला लागला. ‘आपल्या पायावर उभा’ म्हणजे धरून राहिलेला नव्हे, हे तेवढ्यात समजलं. भाचा दगड शोधायला धावला. मी आधी दोघांच्या बॅगा आत टाकल्या. मग त्याला मोठे दगड आणायला लावले, वाकड्या मेखेला मध्यावर तणावा बांधला, ती आडवी ठेवली आणि तिच्यावर दगड रचले. काटकी पुरायला माती नव्हती. दगड रचायला तेवढे होते.

“मावशी, हे कुठे शिकलीस?”

“वावरात.”

रात्री वारा खूप होता, झोप थोडी. सकाळी आवरणाला आतून हात लावला तर गार आणि ओलं. जाळीला हात लावला तर कोरडी.

तंबू आता कपाटात सैल घडी घालून ठेवलेला असतो. ओला किंवा गच्च आवळून ठेवला तर कापडावरचा थर खराब होतो. मेमध्ये मात्र तो बाहेर निघाला. रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, वीज गेलेली, डासांचं राज्य. मी बाहेरचं आवरण न लावता आतली जाळी तेवढी गच्चीवर उभी केली. चार बादल्या होत्याच. आत आडवी झाले. चारी बाजूंनी वारा, आणि वर सगळं आकाश.

अर्ध्या तासाने चेन उघडल्याचा आवाज आला. ताडपत्री सुचवणारा माणूस उशी घेऊन उभा होता.

“दोन माणसांचा आहे ना हा?”

“लिहिलंय तसं.”

“मग सरक जरा.”

एकशे तीस सेंटिमीटर. मी सरकले, तर कोपर जाळीला टेकलं आणि तिथे डास चावला.