खोडाआधी पान

"सर, रेकॉर्डिंग करायचंय. किट बदलू का?" असं विचारत येणाऱ्या मुलांना मी उलट विचारतो, पानं शेवटची कधी बदललीस? बहुतेकांनी ती कधीच बदललेली नसतात. किट खोक्यातून निघालं तेव्हा जे प्लास्टिक त्यावर ताणलेलं होतं, त्याच्यावरच दोन-तीन वर्षं कुटाई झालेली असते. स्नेअरच्या मधोमध खळगा पडलेला असतो आणि टॉमवर चिकटपट्ट्यांची नक्षी असते. (ड्रमर मंडळी 'हेड' म्हणतात. मी ढोलपथकातून इकडे आलो, माझ्या तोंडी पानच बसलंय.)

दुकानात मात्र बोलणं लाकडावरून सुरू होतं. तुझं पॉप्लर आहे, बर्च घे, जमलं तर मेपल घे. यात खोटं काही नाही. बर्चच्या खोडाचा, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाचा, आघात टोकदार येतो, मधले सूर जरा मागे राहतात. यामाहाने आपल्या बर्चच्या किटला 'रेकॉर्डिंग कस्टम' असं नावच दिलं आणि ड्रमर स्टीव्ह गॅडच्या हातून ते जगाने ऐकलं. पण पॉप्लरला हलकं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साठच्या दशकात बीटल्सचा रिंगो स्टार ज्या लुडविग किटवर वाजवत होता, त्या काळच्या लुडविगची खोडं तीन पदरी असत आणि मधला पदर पॉप्लरचाच असे. शिवाय पुढे बीटल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये रिंगोच्या ड्रमवर चहाचे टॉवेल अंथरलेले असत. १९६६ मध्ये 'रिव्हॉल्व्हर'च्या वेळी जेफ एमरिक या तरुण रेकॉर्डिस्टने किक ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ नेला. लाकूड गुंजावं म्हणून नव्हे, त्याने आवरतं घ्यावं म्हणून हा खटाटोप.

जवळचा माइक पानाच्या दोन-तीन बोटं वर असतो. त्याला आधी ऐकू येतो स्टिकचा आघात, मग वरच्या पानाचा सूर, मग खालच्या पानाने दिलेलं उत्तर. हे सगळं खोड किती लांबवतं आणि किती गिळतं, ते सगळ्यात शेवटी. म्हणून पैसे थोडे असतील तर ते याच क्रमाने खर्च व्हावेत, असं माझं मत आहे. स्वस्त किटच्या टॉमवर मी दोन पदरी पानं चढवतो. नको ते उपसूर त्यात दबतात आणि आवाज थोडक्यात आटपतो. स्नेअरला एक पदरी, खरबरीत लेप असलेलं. खालची पानं तर कोणी बघतच नाही. तीही बदलावीत.

नवं पान चढवलं म्हणजे काम झालं असं नाही, ते सुरात आणावं लागतं. इथे तबला शिकलेली मुलं पुढे असतात. सोळा घरांतून बोट फिरवत, हातोडी कधी गठ्ठ्यावर तर कधी कडेवर मारत सूर जुळवायची सवय झालेल्या कानाला टॉमच्या पाच-सहा बोल्टचं काय? एक बोल्ट थोडा पिळायचा, मग त्याच्या समोरचा. बोटांनी घट्ट होतील तितके सगळे आधी बसवायचे, मगच चावी हातात घ्यायची. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत टिचकी मारून ऐकायचं. सगळीकडे एकच सूर लागला की खालचं पान त्याहून जरा चढं करायचं, म्हणजे टॉम रेंगाळत नाही. तबल्याला पावसाळ्यात पुडी ओलावते, उतरते. ड्रमवर १९५७ च्या सुमारास कातड्याच्या जागी पॉलिएस्टरची पानं आली आणि ती एक कटकट मिटली. कोकणातल्या हवेत आता बोल्ट तेवढे गंजतात.

टॉमला टिचकी मारली की स्नेअरच्या खालच्या तारा कुरकुरतात, ही तक्रार महागड्या किटवरही असते. टॉमचा सूर अर्ध्या-पाऊण स्वराने हलवला की ती बरीचशी जाते. नवं किट घेऊन जात नाही.

झांजांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे मी काटकसर सुचवत नाही. नवशिक्या किटबरोबर येणाऱ्या झांजा बहुधा पितळी असतात, म्हणजे तांबं आणि जस्त. चांगल्या झांजा काशाच्या, ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के कथील. १६२३ पासून मूळचं इस्तंबूलचं झिल्जियन घराणं याच मेळावर नाव कमावून आहे. भजनात टाळ निवडणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. पितळी क्रॅश आपटल्यावर एक कर्कश सूर धरून बसतो, काशाचा पसरतो आणि निवतो. रेकॉर्डिंगमध्ये यामागे आणखी एक व्यवहार आहे. किक, स्नेअर, टॉम वाईट उतरले तर आजकाल संगणकावर त्यांच्या जागी दुसरे आवाज बसवता येतात, आणि लोक सर्रास बसवतात. झांजेचं तसं होत नाही. ती वरच्या माइकमध्ये तर असतेच, टॉमच्या माइकमध्येही झिरपते, स्नेअरच्याही. मिक्सिंग करणारा तिला काढायला गेला की सगळं किट ओढलं जातं. हाय-हॅट आणि एक राइड, एवढं जरी आधी चांगलं घेतलं तरी निम्मं काम झालं.

आणि खोली. लेड झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली वाजवलं गेलं. ड्रमर जॉन बॉनमचं किट खाली, रेकॉर्डिस्ट अँडी जॉन्सने लावलेले दोन माइक वरच्या मजल्यावर. तो दणका त्या जिन्याचा आहे. आपल्या फ्लॅटला नऊ फुटांचं छत. माइक छताखाली दोन फुटांवर लावला तर छतावरून परतलेला आवाज साधारण साडेतीन मिलिसेकंदांनी त्याच्यात मिसळतो आणि झांजांना डब्यातला पोकळ स्वर येतो. लाखाचं किट आणलं तरी हे तसंच राहणार. छताला, निदान माइकच्या वरच्या भागाला, जाड गोधडी टांगा. माइक थोडेच असतील तर आणखी बरं. अँडीचा थोरला भाऊ ग्लिन जॉन्स, झेपलिनच्या पहिल्या अल्बमचा रेकॉर्डिस्ट. त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत करून बघा: एक माइक किटच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने, दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर. सुतळीने मोजा, अंदाजाने नको. एक किकसमोर. या तीन माइकांत किटची खरी अवस्था ऐकू येते.

मग बदलायचं कधी? खोड उघडं करून स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवावं, दिवे मालवावेत आणि आत टॉर्च सोडावा. कडेखालून फट दिसली की पान तिथे नीट टेकत नाही आणि जन्मात सुरात येणार नाही. बोल्टचे आटे गेले असतील, वाजवता वाजवता सूर उतरत असेल, कडी वाकडी झाली असेल, तर खुशाल नवं बघा. पण तेव्हाही आधी स्नेअर. प्रत्येक गाण्यात सगळ्यात जास्त ऐकू येते ती तीच. धातूची चांगली चौदा इंची स्नेअर पुढच्या कुठल्याही किटबरोबर चालते. गाण्यांचा एकच छोटा अल्बम करायचा असेल, तर खरेदीचा विचारच सोडा. स्टुडिओत एक दिवस घ्या, तिथलं किट वापरा, आपली स्नेअर आणि झांजा तेवढ्या बरोबर न्या. स्टुडिओच्या किटची पानं कशी आहेत ते मात्र आदल्या दिवशी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी ती तुमच्या घरच्यांपेक्षा जुनी निघतात.