उभा ड्राइव्ह

ड्राइव्ह उभा असेल तर सीडी घरंगळत कशी नाही? गंमत बघा मंडळी, बऱ्याच ट्रेच्या कडेला प्लास्टिकच्या छोट्या खुंट्या असतात. १२ सेंमीची चकती त्यांच्यावर टेकते. ट्रे आत गेला की चकती मधोमध चुंबकाच्या पकडीत बसते. मग उभं काय नि आडवं काय! ८ सेंमीची छोटी सीडी मात्र खुंट्यांपर्यंत पोचतच नाही. तिला ट्रेमधला छोटा खळगा लागतो, तोही आडव्या ड्राइव्हमध्ये.

आमचं जुनं टॉवर कॅबिनेट जागेअभावी कुशीवर निजलेलं, आणि आजोबांच्या आवाजाची एकुलती एक प्रत नेमकी अशा छोट्या सीडीवर! कॅबिनेट सरळ उभं केलं, तेव्हा कुठे आजोबा बोलले. आता त्यांचा आवाज हार्ड डिस्कवरही आहे. तुमच्या कपाटातल्या छोट्या सीडीही ऐकून घ्या बरं, चालताहेत तोवर.