पवनाकाठची एक रात्र : तंबू, तारे आणि आपला नळ



'ग्लॅम्पिंग' हा शब्द हल्ली तुमच्याही कानावर आला असेल. तंबूच, पण आत पलंग, गादी, रजई, दिवा आणि मागच्या बाजूला स्वच्छ बाथरूम. गड चढणारी जुनी मंडळी नाक मुरडतात, "याला काय कॅम्पिंग म्हणायचं?" मुरडू देत बापडे! ज्या घरात सहा वर्षांचं पोर आहे आणि गुडघे धरलेली आजी आहे, त्या घराला उघड्यावरची रात्र अनुभवायची तर हीच वाट सोयीची.

आम्ही पिंपरी-चिंचवडचे. डिसेंबरातल्या अमावस्येच्या आसपासचा शनिवार मुद्दाम निवडला. सकाळची शाळा सुटली की निघालो, कामशेतला डावीकडे वळून पवनानगरमार्गे धरणाच्या काठावर. ऊन उतरायच्या आत पोहोचलोसुद्धा. समोर पाणी आणि भोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. मुलांनी आल्याआल्या कोणता गड कोणता यावरून भांडण काढलं. मी सोडवलं नाही, भांडू दिलं. नकाशा आपणहून मागितला गेला.

खरी मजा अंधार पडल्यावर. तंबूबाहेरचे दिवे बंद करायला लावले. आमच्या आजींना सगळी नक्षत्रं पाठ आहेत. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग... पण चिंचवडच्या आकाशात दाखवणार कुठून? इथे त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या बोट केलं. डोक्यावर कृत्तिकांचा झुपका, त्याच्याखाली तांबूस रोहिणी आणि पूर्वेला मृग. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या रेषेत खाली नुकताच उगवलेला झगझगीत व्याध.

तेवढ्यात लेकीनं विचारलं, "आजी, मृग लागला की पाऊस येतो ना? मग हा थंडीत कसा आला?"

बघा, हा प्रश्न वर्गात मला वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता! समोर शेकोटी होतीच. म्हटलं, ही शेकोटी म्हणजे सूर्य, आजीची खुर्ची म्हणजे मृग आणि तू पृथ्वी. तिला शेकोटीच्या अलीकडे उभं केलं, खुर्ची पलीकडे. "आजी दिसते?" "नाही, उजेड डोळ्यांवर येतोय." हा झाला जून. तेव्हा सूर्यच मृग नक्षत्रात असतो, म्हणून मृग दिवसा आकाशात असतो आणि उजेडात दिसत नाही. मग तिला शेकोटीला अर्धी फेरी मारायला लावली. आता शेकोटी पाठीशी आणि आजी समोर, लख्ख! हा डिसेंबर. धाकट्यानं स्वतः चार फेऱ्या मारल्या, त्यातली एक खगोलशास्त्रासाठी असावी.

(शेजारच्या तळावर गाणी सुरू होती, नंतर थांबली. म्हणून सांगते, बुकिंगच्या आधी स्पीकर आणि दिव्यांबद्दल विचारून घ्या. ३१ डिसेंबरला तर जाऊच नका. आणि मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, शांत दिसतं तरी ते धरण आहे.)

सकाळी पोहे घेऊन आलेल्या दादांशी मुलांची गट्टी जमली. त्यांच्या आजोबांची शेती धरणात गेली. "ती तिकडं, पाण्याखाली," त्यांनी हात केला. उरलेल्या तुकड्यावर आता तंबू. इथलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून, शुद्ध होऊन आपल्या शहराला मिळतं. लेक बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आपण यांच्या शेतावरचं पाणी पितो?"

मी हो म्हटलं. हेच पाणी बंद जलवाहिनीतून शहरात नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले. हे तिला सांगावं का, याचा मी क्षणभर विचार केला. मग सांगितलं, सोप्या शब्दांत. पाचवीतल्या मुलीला 'पाण्याचे स्रोत' शिकवायचे तर ही माणसं वगळून कसं शिकवणार?

सोमवारी वर्गात फळ्यावर धरण, नदी, रावेत आणि नळ असं चित्र काढलं. मागच्या बाकावरून एक हात वर झाला. "मॅडम, आमच्याकडं नळाला पाणी कमी येतं, टँकर येतो. त्याच्यात कुठलं पाणी असतं?" चित्रात टँकर नव्हताच. आता वर्ग मिळून क्षेत्रीय कार्यालयाला पत्र लिहितोय. मसुदा मुलांचाच आहे, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते आहे.